उघड्या हाताने दहा मिनिटे

"उकळतं पाणी असू दे, नाहीतर आणखी काही असू दे! आपल्या पातेल्याची दांडी मी उघड्या हातानं दहा मिनिटं धरून दाखवतो! वर गाणंही म्हणेन!"

चुंबकरावांनी ही घोषणा मालकांच्या केबिनमध्ये केली, आणि तीही मालकांनी काही विचारलं नसताना. मालक बिचारे पंख्याचं बटण शोधत होते.

चुंबकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या यादीत तेवढं उरलं होतं. भांड्यांच्या कारखान्यात ते गेली एकोणीस वर्षं माल तपासत आले होते आणि या एकोणीस वर्षांत त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशातून एक गोल चुंबक कधी हललेला नव्हता. त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे त्याच्या वजनाने खाली लोंबायचे. पत्रा आला, लावला चुंबक! सळई आली, लावला चुंबक! चिकटला तर चारशे तीस नंबरचं स्टील, नाही चिकटला तर तीनशे चार. संपला विषय! एकदा तर एका सोयरिकीत मुलाच्या घरचे चहाचे चमचे त्यांनी सगळ्यांदेखत तपासले होते. सोयरीक मोडली, पण चुंबकरावांचं म्हणणं असं की चमचे खरोखरच हलके होते.

स्टीलच्या कोणत्या जातीतून उष्णता किती वेगाने वाहते, हे आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ होते. तीनशे चार, सोळा. चारशे तीस, सव्वीस. साधं लोखंड पन्नाशीच्या घरात. ॲल्युमिनियम दोनशेच्या वर. तांबं तर चारशेच्या आसपास, त्याचं नावच नको!

"सोळा म्हणजे काय, मालक?" चुंबकराव पुढे झुकले. "सोळा म्हणजे आळशीपणाचा कळस! उष्णता पातेल्यातून निघते ती दांडीच्या टोकाला पोचेपर्यंत तिला वाटेत तीनदा डुलकी लागते!"

"आणि पोचलीच तर?"

"तोवर सगळ्यांचा चहा पिऊन झालेला असतो!"

मालकांना हसू आलं नाही, कारण प्रकरण गंभीर होतं. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलला स्वयंपाकघरासाठी दांडीची पातेली हवी होती आणि अट एकच होती : दांडीवर प्लास्टिकची मूठ नको. मूठ तडकते, फटीत घाण बसते. दांडी आख्खी स्टीलचीच हवी, आणि तरी ती हाताला भाजता कामा नये. म्हणून चुंबकरावांनी तीनशे चारच्या सळईची लांब, वाकवलेली दांडी सुचवली होती. उद्या सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या प्रमुखबाई स्वतः ती पाहायला येणार होत्या.

"हे बघा," मालक म्हणाले, "आपले मुख्य तपासनीस या महिन्यात निवृत्त होतायत. बाईंनी पातेलं पास केलं तर ती खुर्ची तुमची. नापास केलं तर मी बाहेरून माणूस आणतो. त्याच्याकडे धातू तपासायचं यंत्र आहे म्हणे. पिस्तुलासारखं दिसतं, धातूवर रोखलं की आकडे सांगतं."

यंत्र! चुंबकरावांचा हात झटकन खिशावर गेला. खिशातला चुंबकसुद्धा दचकला असावा.

घरी आल्यावर त्यांनी ही बातमी बायकोला जरा जपून सांगितली. "अगं, पातेलं पास झालं तर मी मुख्य तपासनीस होण्याची शक्यता आहे."

बायको त्याच कारखान्यात पॅकिंग खात्याची प्रमुख होती. खोकी बांधताना ती जशी जादाची चिकटपट्टी तोडून टाकते, तसे तिने त्या वाक्यातले जादाचे शब्द तोडून टाकले आणि फोन उचलला.

"ताई, ऐकलंस का? हे मुख्य तपासनीस झाले!"

"अगं, झालो नाही अजून!"

"हो हो, उद्यापासूनच! स्वतंत्र खुर्ची आहे. फिरणारी!"

अर्ध्या तासात ताईने मामांना कळवलं, मामांनी आत्याला, आत्याने सगळ्या भाचरांना. जेवण होईपर्यंत चुंबकरावांना अकरा अभिनंदनं आली. बारावं अभिनंदन साडूंचं होतं आणि ते अत्यंत नाखुशीने केलेलं असल्यामुळे सगळ्यात गोड लागलं. आता मागे फिरायची सोय राहिली नव्हती. उद्या खुर्ची मिळाली नाही तर साडूंना तोंड कसं दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजताच चुंबकराव कारखान्यात हजर! रिव्हेटकाकांनी दोन नमुना पातेली तयार करून टेबलावर ठेवली होती. काका तिथले सगळ्यात जुने फिटर. सळई वाकवणं, भोकं पाडणं, रिव्हेट ठोकून दांडी बसवणं हे सगळं ते एकट्याने आणि मुकाट्याने करत. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत, त्यातली चार जेवताना.

"वा काका! काय चमकतंय!" असं म्हणत चुंबकरावांनी सवयीने चुंबक काढला आणि दांडीला टेकवला.

चिकटला!

चुंबकरावांनी डोळे चोळले. चुंबक काढला, पुसला, दांडीच्या दुसऱ्या वळणावर टेकवला. तिथेही चिकटला! फार घट्ट नव्हे, पण पडतही नव्हता. दुसऱ्या पातेल्याच्या दांडीला लावून पाहिला. तीच गत!

काल याच सळया त्यांनी स्वतः तपासून घेतल्या होत्या. तेव्हा चुंबक त्यांच्यावरून घसरून थेट बुटावर पडला होता! आणि रात्रीत तीनशे चारचं चारशे तीस झालं?

"चोरी!" चुंबकराव ओरडले. "काका, सळया बदलल्या!"

"नाही बदलल्या," काका म्हणाले.

"मग हा चिकटतोय तो काय माझ्या प्रेमापोटी?"

"ते वाकवलं की—"

"काही सांगू नका! गेट बंद करा!"

गेट बंद झालं. आत येणारा दूधवाला बाहेर अडकला आणि बाहेर जाणारा ट्रक आत. चुंबकराव हातात चुंबक घेऊन खात्याखात्यांतून धावत सुटले. चोरलेल्या तीनशे चारच्या सळया शोधायच्या होत्या, म्हणून जे जे लांब, गोल आणि चकचकीत दिसेल त्याला चुंबक! खिडक्यांचे गज तपासून झाले, झाडूचा दांडा तपासून झाला. हिशेबनीसांची काठी त्यांच्या हातातून ओढून घेतली गेली आणि हिशेबनीस भिंतीला धरून उभे राहिले. स्टोअरचे कारकून तर रडकुंडीलाच आले. "साहेब, एकोणीस वर्षं तुम्ही मला ओळखता!"

"सळईलाही काल ओळखतच होतो!" चुंबकराव गरजले.

या सगळ्यात साडेदहा वाजले. सळया काही सापडल्या नाहीत आणि स्टोअरमध्ये तीनशे चारचा नवा माल पुढच्या आठवड्यात येणार होता. चुंबकरावांच्या डोळ्यांपुढे ती फिरणारी खुर्ची गरागरा फिरत लांब जायला लागली. सव्वीसवाली दांडी प्रमुखबाईंसमोर धरायची? सोळा सांगून सव्वीस धरायचे? छे! एकोणीस वर्षांची अब्रू!

तेवढ्यात स्टोअरच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, त्यांना सळयांचा एक जुडगा दिसला. चकचकीत! अगदी हव्या त्याच जाडीचा! त्यांनी वाकून चुंबक टेकवला. चुंबक सरळ खाली, पायावर! एवढ्या आनंदाने चुंबक पायावर पाडून घेतलेला माणूस दुसरा झाला नसेल.

"काका! यातली एक घ्या, वाकवा आणि एका पातेल्याला तरी बसवा! वीस मिनिटं आहेत!"

काकांनी एक सळई उचलली आणि चुंबकरावांकडे पाहिलं. "अहो, पण ही सळई—"

"चुंबक चिकटतो का?"

"चिकटत नाही, पण ही तर—"

"चिकटतो का नाही, एवढंच सांगा!"

"नाही."

"मग बसवा!"

"मी काय म्हणतो—"

"काका, आज तुमची वीस वाक्यं सकाळीच संपवू नका! बसवा!"

काकांनी खांदे उडवले. सळई वाकवली, भोकं पाडली, टाणटाण रिव्हेट ठोकले. नवी दांडी इतक्या पटकन वाकली की चुंबकराव खूश झाले. चांगल्या मालाचं असंच असतं, ते स्वतःशी म्हणाले. पातेलं उचलून नेताना जरा हलकं लागलं. मनावरचं ओझं उतरल्यामुळे तसं वाटत असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. जुन्या दांडीचं दुसरं पातेलं त्यांनी काकांकडे ढकललं. "हे नजरेआड करा. चहाला वापरा, काही करा!"

बरोबर अकराला प्रमुखबाई आल्या. उंच, चष्म्याच्या, पांढरा कोट घातलेल्या आणि हातात घड्याळ धरलेल्या. मनगटात बांधायचं नव्हे. धावण्याच्या शर्यतीत लावतात तसलं!

"दहा मिनिटं म्हणालात ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाई! उघड्या हातानं!"

"लावलं घड्याळ."

विजेच्या शेगडीवर पातेलं होतं, पातेल्यात पाणी होतं. मालक, कारकून, काठी परत मिळालेले हिशेबनीस, पॅकिंग खात्यातल्या सगळ्या बायका आणि त्यांच्या पुढे अभिमानाने चुंबकरावांची बायको, असे सगळे अर्धगोल करून उभे राहिले. चुंबकरावांनी उजव्या हाताने दांडी धरली आणि भाषण सुरू केलं.

"मंडळी! तीनशे चार नंबरचं स्टील! उष्णता वाहून नेण्याचा आकडा फक्त सोळा! याउलट चारशे तीसचा सव्वीस. दोन्ही दिसायला सारखी, पण स्वभाव बघा! एक शांत, एक उतावळं!"

पहिलं मिनिट छान गेलं. दुसऱ्या मिनिटाला तळहाताला ऊब आली. चुंबकरावांना वाटलं, माझ्याच हाताची असेल. उत्साहाने माणूस गरम होतोच की. तिसऱ्या मिनिटाला पाण्यात बुडबुडे आले आणि ऊब काही केल्या थांबेना. ती डुलकी वगैरे न घेता सरळ चालून येत होती!

"सोळा म्हणजे—" चुंबकराव थांबले. "सोळा म्हणजे, बाई, खूपच कमी!"

"तुम्हाला घाम आलाय," प्रमुखबाई म्हणाल्या.

"आनंदाचा आहे!"

त्यांनी एक बोट उचललं, ते टेकवून दुसरं उचललं. मग तिसरं. लांबून पाहणाऱ्याला ते बासरी वाजवतायत असं वाटलं असतं. बायकोने त्यांचा चेहरा पाहिला. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. ओल्या रंगाच्या बाकावर बसल्यावर, लोक हसू नयेत म्हणून हे दीड तास न उठता बसून राहिले होते, तेव्हाही अगदी असंच हसत होते!

आणि त्याच वेळी चुंबकरावांची नजर दाराशी उभ्या रिव्हेटकाकांवर गेली. काकांनी हातातली पाटी वर धरली. खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : "ती ॲल्युमिनियमची आहे. शोकेसच्या रॅकसाठी आणलेली. सांगत होतो."

ॲल्युमिनियम!

चुंबकरावांचे डोळे पांढरे झाले. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं! एकोणीस वर्षांत आपण चुंबकाला फक्त दोनच प्रश्न विचारले आणि तिसरा धातू जगात आहे हेच विसरलो! दोनशेच्या वर! सोळा नव्हे, सव्वीस नव्हे, दोनशेच्या वर! आकडा आठवताच दांडी आणखीच तापली.

"चार मिनिटं," प्रमुखबाई म्हणाल्या. "गाणंही म्हणणार होतात असं ऐकलं."

मालकांनी मान डोलावली. सगळी मंडळी गाण्याची वाट पाहू लागली. चुंबकरावांच्या डोळ्यांपुढे साडूंचा चेहरा आला, ते पिस्तूलवालं यंत्र आलं, ती खुर्ची आली. त्यांनी दात आवळले, डोळे मिटले आणि गाण्यासाठी तोंड उघडलं.

"आऽऽऽऽऽ!"

"सूर चांगला लागलाय," हिशेबनीस पुटपुटले.

"आऽऽऽ आई गंऽऽऽ!"

हात सुटला! सुटताना दांडीला असा काही झटका बसला की पातेलं शेगडीवरून उडालं, टेबलावर गिरकी घेत गेलं आणि गरम पाण्याचा लोट चारी बाजूंना निघाला. सगळे मागे पळाले. कारकून कपाटावर, हिशेबनीस काठीविना खुर्चीवर आणि मालक हिशेबनीसांच्या खुर्चीवर! नशीब, कुणाच्या अंगावर थेंब उडाला नाही. टेबलावरचं पाणी खाली ठिबकत राहिलं आणि सगळे दिङ्मूढ होऊन चुंबकरावांच्या लालबुंद तळहाताकडे बघत राहिले.

"अहो!" बायको पुढे धावली. "चला आधी, गार पाण्याखाली धरा!"

तिने त्यांना दंडाला धरून शेजारच्या चहाच्या खोलीत ओढत नेलं. मागोमाग प्रमुखबाई, त्यांच्यामागे मालक. आत नळाजवळच्या दुसऱ्या शेगडीवर एक पातेलं खदखदत होतं आणि ते नेमकं नळाच्या वाटेत होतं. बायकोने काही विचार न करता त्याची दांडी धरली, पातेलं उचललं, बाजूला ठेवलं, नळ सोडला आणि नवऱ्याचा हात धारेखाली धरला.

प्रमुखबाई किंचाळल्या. "तुमचा हात!"

"माझ्या हाताला काय झालंय?" बायकोने दचकून आपला हात पाहिला. काहीच झालेलं नव्हतं.

"उकळतं पातेलं उचललंत तुम्ही!"

"हो की!" बायको स्वतःच थक्क झाली. "कोमट लागलं जरा."

प्रमुखबाईंनी एका बोटाने दांडीला हात लावला. मग दोन बोटांनी, मग सगळ्या हाताने धरून उभ्या राहिल्या. "हे किती वेळ उकळतंय?"

"दहा मिनिटं तरी झाली," रिव्हेटकाका दारातून म्हणाले. "सगळ्यांचा चहा आहे."

"हीच दांडी हवी मला! हिला बाजूला कुणी काढलं?"

सगळ्यांनी चुंबकरावांकडे पाहिलं. चुंबकरावांनी नळाकडे पाहिलं.

"ती चारशे तीस आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "चुंबक चिकटतो तिला."

"ती तीनशे चारच आहे, बाहेरची ॲल्युमिनियमची," काका म्हणाले. आज त्यांची वाक्यांची मर्यादा केव्हाच ओलांडली होती. "सळई गार असताना वाकवली की वळणावर थोडीशी चुंबकाला ओढते. वळणावरच. सरळ भागाला लावून बघायचं होतंत. फिटर लोकांना माहीत असतं हे. सकाळपासून सांगतोय."

एकोणीस वर्षं चुंबकरावांनी सळई सरळ असतानाच तपासली होती. वाकवल्यावर तिला काय होतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं! दूधवाला अडकवला, हिशेबनीसांची काठी ओढली, स्टोअरच्या कारकुनांना रडवलं, आणि चोर कुणीच नव्हता!

मालक गंभीर झाले. "बाई, मी माफी मागतो. उद्याच मी तो यंत्रवाला माणूस—"

चुंबकरावांनी डोळे मिटून घेतले. संपलं! साडू आता फोन करणार आणि मनापासून करणार! बायकोचा हात त्यांच्या दंडावर घट्ट झाला. तिलाही ताईचा चेहरा दिसला असावा.

"थांबा," प्रमुखबाई म्हणाल्या. "यंत्र मला नको. आमच्या स्वयंपाकघरात पातेलं यंत्र धरत नाही, माणूस धरतो. ज्या माणसानं ॲल्युमिनियमची दांडी साडेचार मिनिटं सोडली नाही, तो माझ्या पातेल्यांशी बेइमानी करणार नाही. यांनाच करा मुख्य तपासनीस."

चुंबकरावांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. मालकांचाही बसला नाही. पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कपाटावरून उतरलेल्या कारकुनांनीही मोठ्या मनाने वाजवल्या.

"फक्त एक अट," बाईंनी कागद काढून लिहायला घेतलं. "चुंबकाची तपासणी मला चालणार नाही. कारखान्यातून निघणारं प्रत्येक पातेलं मुख्य तपासनिसांनी स्वतः तपासायचं. उकळतं पाणी, उघडा हात, दहा मिनिटं. तसं लिहून सही करून द्या."

"प्रत्येक?" चुंबकरावांचा आवाज चिरकला. "एकूण किती पातेली आहेत, बाई?"

"चारशे."

चारशे पातेली, दहा दहा मिनिटं, चार हजार मिनिटं! आकड्यांवर हयात घालवलेल्या माणसाला हा हिशेब करायला क्षणही लागला नाही. त्यांनी नळाखालच्या सुजलेल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं आणि सुटकेचा एक मार्ग दिसल्यासारखा त्यांचा चेहरा जरा उजळला.

"बाई, सही आनंदानं करतो. पण हा हात बरा व्हायला पंधरा दिवस तरी—"

"अहो, पंधरा दिवस कशाला थांबायचं?" ताईला फोन लावता लावता बायको आनंदाने म्हणाली. "डावा हात दिवसभर रिकामाच असतो की तुमचा!"